बर्फावरच्या बुटांना धार

गोरेगावच्या आठवडी बाजारात भाग्यश्री पटले तरातरा आली, ती भांडायलाच. हातात पांढरे बूट, बुटांखाली पोलादी पाती आणि नाकाच्या शेंड्यावर राग. विळे-कोयत्यांना धार लावणाऱ्याच्या मशीनसमोर तिने ते बूट आदळले आणि विचारलं, हे कोणी केलं?

ठिणग्यांमागून एक चेहरा वर आला. त्याने काळा चष्मा कपाळावर सरकवला. डोळे बरे होते... पण त्या क्षणी तिला तसं वाटून घ्यायचं नव्हतं.

"मीच केलं," तो कौतुकाने म्हणाला. "तुमच्या आईनं विळ्यांसोबत आणून देले. पाहा कशी धार आली... केस कापते."

तेच तर दुखणं होतं. भाग्यश्री आइस डान्स करायची – बर्फावरचा, जोडीचा नाच. वर्षातला बराच काळ देहरादूनला सराव, मधे काही दिवस घरी. त्या पात्याला विळ्यासारखी एक धार नसते, दोन असतात. मधे बारीक पन्हळ, आणि दोन्ही बाजूंच्या कडा धारदार. आतल्या कडेवर झुकलं की एकीकडे वळायचं, बाहेरच्या कडेवर दुसरीकडे. तिच्या आईने, सुमित्राबाईंनी, धानकापणीसाठी विळे काढले, तेव्हा त्यांना लेकीचे बूटही दिसले. पोर निवड चाचणीले जाऊन राहिली, बोथट पात्यावर कायले जाईल, असा साधा विचार त्या माउलीने केला. आणि या दुर्गेशने मन लावून दोन्ही कडा घासून एकच टोकदार धार काढली. आता त्यावर बर्फात उभं राहणंही मुश्कील. चाचणी पुढच्या आठवड्यात, आणि नवे बूट पायात रुळायलाच महिना जातो. चाचणी हुकली की संघातली जागा गेली.

हे सगळं तिने एका दमात सांगितलं. समोर गिऱ्हाईक खोळंबलेलं असूनही दुर्गेशने मशीन बंद केलं. चूक माझी, मीच नीट करतो, तुमी फक्त बसून सांगा कशी पाहिजे, असं म्हणाला. ती बसली. आपण भांडायला आलो होतो, हे तिच्या ध्यानातूनच गेलं.

मग ती रोज त्याच्या कोहमारा गावातल्या दुकानात जाऊ लागली. देहरादूनच्या प्रशिक्षकांना फोन लावायची, ते हिंदीत समजावायचे, आणि दुर्गेश चाकाची कड गोल करून आधी भंगारातल्या पट्टीवर पन्हळ पाडून बघायचा. पट्ट्या वाया जायच्या, चहा व्हायचा. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

"नाचात तुहा हात धरते... तो कोण आहे?" एकदा त्याने पट्टीवरची नजर न काढता विचारलं.

"हिमांशू. काऊन?"

"असंच... लय जवळचा आहे का?"

"राखी बांधते मी त्याले."

त्यानंतर स्वारी दिवसभर शीळ घालत होती. भाग्यश्री चहाच्या कपात तोंड लपवून हसली.

शेवटी बूट तयार झाले. पण गोंदिया जिल्ह्यात बर्फ आणायचा कुठून? दुर्गेशने मच्छीवाल्याकडून अख्खी लादी आणली आणि दुकानासमोर पोत्यावर ठेवली. भाग्यश्री बूट घालून तिच्यावर एका पायाने उभी राहिली. तोल जाऊ नये म्हणून त्याने हात पुढे केला... तिने तो धरला. ती आत झुकली, कड रुतली. बाहेर झुकली, तीही रुतली. काम झालं होतं, तरी हात सोडायची घाई कोणालाच नव्हती. बर्फ मात्र वितळत होता. दुसऱ्या दिवशी तिने देहरादूनची गाडी धरली.

चाचणीत पाती दगा देतील ही धास्ती तिला पहिल्या वळणापर्यंत होती. मग ती वळण घेत गेली आणि भीती मागेच राहिली. तिची आणि हिमांशूची निवड झाली. आईच्याही आधी तिने दुर्गेशला फोन लावला. तो खूश झाला.

"एक सांगू?" तो म्हणाला. "मधात एक दिवस मले वाटलं... धार नाई बसली तं बरं. तू इथंच राहाशील."

"मंग काऊन बसवली?"

"तू इथं राहाली असती, पण उदास राहाली असती... ते मले पाहावलं नसतं." मग त्याने एका दमात सांगून टाकलं. "तू मले आवडते, भाग्यश्री."

तिचे गाल तापले, तेही बर्फाच्या काठावर बसून. बर्फावर दुसरी एक जोडी सराव करत होती. हिमांशू लांबून हाका मारत होता, तिने त्याला हातानेच थांबवलं.

"मलेबी तू आवडते," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात इथंच स्पर्धा आहे... ये पाहाले. आणि स्वेटर आणजो, आत लय थंडी राहते."