शून्य नंबरची बाई

तसं माझं इस्पितळाच्या त्या तळघरात काही काम नव्हतं. भाची चष्मा घरी विसरली होती, तो द्यायला गेलो इतकंच. माझी बायको वर तिसऱ्या मजल्यावर होती. संध्याकाळी तिचं ऑपरेशन होतं, आणि तिच्या दुर्मीळ गटाच्या रक्ताची एकच पिशवी इस्पितळात होती. दुसरी मिळाल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नव्हते. मला एका जागी बसवत नव्हतं. पुढचं सगळं मला नीट आठवतंय की मी मागाहून जुळवलंय, याची खात्री देता येत नाही. तरी सांगतो.

भाची तिथला डेटाबेस, म्हणजे संगणकावरच्या नोंदी, सांभाळते. त्या दिवशी जुना बंद होऊन नवा सुरू व्हायचा होता. खोलीला खिडकी नाही. भर दुपारी तिथे दिव्यांचा पांढुरका उजेड, पंख्यांची एकसुरी घरघर आणि तापलेल्या धुळीचा वास.

"मामा, बरं झालं आलात," ती म्हणाली. "नव्यात रक्तदात्यांचा शोधच चालत नाहीये. जन्मभर हेच शिकवलंत ना, आता काहीतरी करून दाखवा."

थट्टाच होती, पण तिचा आवाज कोरडा पडला होता.

दोन याद्या होत्या, एक दात्यांची आणि एक फोनची. दोन्हींना जोडणारा दुवा म्हणजे दात्याचा नंबर. पण एका यादीत तो मजकूर म्हणून साठवला होता, दुसरीत आकडा म्हणून. जुना डेटाबेस कुणाला न विचारता मजकुराचा आकडा करून घ्यायचा. नवा कडक. मजकूर आणि आकडा यांची तुलना होत नाही, असं सांगून तो थांबला. मी भाचीला रूपांतर स्वतः लिहायला सांगितलं. तरी अडलं. काही दाते आपली ओळख देत नसत. त्यांच्या नंबरच्या जागी काउंटरवरच्या लोकांनी 'माहीत नाही' असं लिहून ठेवलं होतं. याचा आकडा होत नाही, नवा म्हणाला. त्या ओळी वगळल्या तेव्हा शोध चालला, पण बायकोच्या गटाचं कुणीच निघालं नाही.

"जुन्यात निघायचं की कोणीतरी," दारातून रक्तपेढीतल्या ताई म्हणाल्या. त्या कधीच्या उभ्या होत्या कोण जाणे. "अडलं की दर वेळी तीच निघायची. फोन केला की यायची."

"कोण?"

"शून्य नंबरची बाई. आम्ही तसंच म्हणतो तिला."

माझ्या तेव्हा लक्षात आलं. 'माहीत नाही' याचा आकडा करायची वेळ आली की जुना डेटाबेस तक्रार न करता शून्य करतो. आणि फोनच्या यादीत शून्य नंबरची एक ओळ होती, सुरुवातीला कुणीतरी चाचणीसाठी टाकलेली. ज्याचा ठावठिकाणा नाही असा प्रत्येक दाता वर्षानुवर्षं गुपचूप त्या एका ओळीला जाऊन चिकटत होता.

"अशी बाई नाहीच," मी म्हणालो. "ही चूक आहे. नेमक्या याच चुकीवर मी वर्गात घसा कोरडा केलाय."

"चूक तर चूक," भाची म्हणाली. "मामीला रक्त हवंय."

तिने जुन्यात शोध चालवला. एकच ओळ आली. नाव, माहीत नाही. नंबर शून्य. गट बायकोचाच. फोनच्या जागी नुसती शून्यं.

"मामा... हा नंबर लागणार कसा?"

"लागतो," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी फोन कानाला लावला.

घंटा वाजली. आम्हा तिघांना ऐकू आली. मग पलीकडे कोणीतरी फोन उचलला. बंद खोलीत दाटीवाटीने बसलेली पुष्कळ माणसं एकदम श्वास घेतील, तसा आवाज आला. हळूहळू ते श्वास एकात एक मिसळत गेले... आणि त्यातून एक बाई म्हणाली, "येते."

ती आली. मी तिला पाहिलं नाही. रक्तपेढीसमोरच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. पाठीमागून कपाटात फार दिवस घडी करून ठेवलेल्या कपड्यांचा वास आला, आणि गेला.

"तिचा दंड बर्फासारखा," ताई नंतर खालच्या आवाजात म्हणाल्या. "पण पिशवी अशी ऊबदार, काका... हातातून खाली ठेवावीशी वाटेना. तपासलं. जुळलं."

ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी बायको उशीला टेकून बसली होती.

"अहो, काल एक बाई येऊन बसली होती माझ्याजवळ. नाव विचारलं तर म्हणाली, नाही कुणी ठेवलं. मग मीच दिलं. माझ्या आजीचं. पडूनच होतं ते, कुणी वापरत नव्हतं."

"मग... काय म्हणाली?"

"रडली थोडी. म्हणाली, आता सापडेन. तुम्ही का असे पांढरे पडलात? आजारी मी आहे."

जुना डेटाबेस बंद झाला. 'माहीत नाही'च्या ओळी नव्यात घेतल्याच नाहीत, आणि शून्य नंबर स्वीकारायचा नाही असा नियम भाचीने माझ्यासमोर लिहिला. मी दोनदा तपासला. तिसऱ्यांदाही तपासला असेन.

पुढे काही महिन्यांनी त्याच गटाचा एक रुग्ण आला. मी सहज म्हणून तळघरात गेलो होतो. भाचीने नव्यात शोध चालवला, तर एक ओळ आली. नंबर रांगेतला पुढचा, अगदी रीतसर. फोनच्या जागी नुसती शून्यं. आणि नावाच्या जागी माझ्या आजेसासूबाईंचं नाव, जे मी खाली कुणालाच सांगितलं नव्हतं.

"ही तुम्ही टाकलीत, मामा?"

मी नकारार्थी मान हलवली. त्या रुग्णासाठी खाली आलेल्या ताईंनी फोन हातात घेतला, पण त्यांचं बोट मध्येच थांबलं. त्या ओळीखाली दुसरी एक ओळ उमटत होती. नियम जागच्या जागी होता. नवा डेटाबेस काहीच बोलला नाही.

नाव, माहीत नाही. नंबर, शून्य.

पंखे घरघरत होते. कपाटातल्या कपड्यांचा तो वास आता खोलीत चांगलाच दाटला होता.

"थांबा," मी म्हणालो, आणि बायकोला फोन लावला. "अगं, ऐक... तुझ्या आजीला बहिणी किती होत्या, आणि त्यांची नावं काय?"