बारा दाढा

खटावकरांच्या घरात सकाळी दूध तापायच्या आधी यामिनीचा आकडा वाचला जायचा. आई मोबाइल नाकाशी धरून तो मोठ्यानं वाचायची आणि शेजारच्या वाटवेकाकू खिडकीतून विचारायच्या, आज किती? मिरजेच्या त्या गल्लीत हल्ली मुलांच्या तब्येतीपेक्षा आकड्याचीच चौकशी जास्त व्हायची. त्या दिवशी आकडा एक्याण्णव होता. आईनं देवापुढे साखर ठेवली. यामिनीनं मात्र ती साखर तोंडात घातली नाही, कारण त्या आकड्यातला मोठा हिस्सा तिचा नव्हता.

आकड्याचं सरकारी नाव शक्यतांक. दंतवैद्यकाची पदवी घेतलेल्या हजारो मुलांपैकी पुढच्या विशेष शिक्षणाची जागा कोणाला मिळणार, त्याची शक्यता शंभरात किती, हे यंत्र आधीच सांगून मोकळं व्हायचं. यामिनीला हवं होतं मुखशल्य, म्हणजे जबड्याच्या शस्त्रक्रियेचं शास्त्र, आणि त्याच्या जागा राज्यात इनमिन बावीस. परीक्षेचे गुण धरले जात, पण खरी मदार असे ती हस्तालेखावर. दुसऱ्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थी पेशंटच्या तोंडात हात घालताना तर्जनीवर एक पातळ टोपी चढवी. हात किती थरथरला, दाब किती दिला, कुठे थबकला, सगळं ती टोपी टिपून ठेवी; तोच हस्तालेख. यंत्र सहसा चुकत नाही, अशी त्याची ख्याती होती. चुकणार तरी कसं? ज्यांचा आकडा चाळीसच्या खाली, ती मुलं अर्जच भरत नसत.

यामिनीच्या हस्तालेखात पंधरा अक्कलदाढा होत्या. त्यांतल्या बारा तिनं काढलेल्याच नव्हत्या.

ही लबाडी आहे असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नव्हतं. ठरलेल्या दाढा, ठरलेली दातभरणी पुरी केल्याशिवाय इंटर्नशिपचा दाखला मिळत नाही. त्याला मुलं कोटा म्हणतात. एखाद्याचा कोटा अडला की मित्रानं तो उरकून द्यायचा, हा रिवाज टोपी येण्याच्या कितीतरी आधीचा. यामिनीला ऐन वेळी चिकुनगुन्या झाला. बोटांचे सांधे असे धरले की चहाचा कप उचलताना डोळ्यांत पाणी यायचं. तेव्हा तिची वसतिगृहातल्या खोलीतली मैत्रीण तस्लीम मुजावर हिनं यामिनीची टोपी आपल्या बोटावर चढवली आणि तीन आठवड्यांत बारा दाढा काढून दिल्या. यामिनीनं बदल्यात तिचे केसपेपर लिहून दिले. टोपीला फक्त विद्यार्थ्याचा नंबर कळायचा, बोट कुणाचं ते कळत नव्हतं.

गंमत अशी की त्या बारा दाढांवरच तस्लीमचा हात बसला. तिच्या स्वतःच्या पंधरा आधीच होऊन गेल्या होत्या, त्या शिकाऊ हाताच्या. म्हणून तस्लीमचा आकडा चौतीसवर अडकला आणि यामिनीचा नव्वदीपार गेला. तस्लीमनं अर्ज भरला नाही. जयसिंगपूरच्या एका दवाखान्यात ती नोकरीला लागली. घरची चार माणसं त्या नोकरीवर जगत होती.

आदल्या संध्याकाळी यामिनीनं तिला फोन केला, सगळं सांगून टाकते म्हणाली.

"हे बघ यामे," तस्लीम म्हणाली, "टोपी बदलल्याचं कळलं तर दोघींची नोंदणी तीन वर्षं रद्द. तुझ्या घरी तीन वर्षं निघतील. माझ्या घरी तीन महिने निघायचे नाहीत. तू गप जाऊन परीक्षा देऊन ये."

यामिनी गप गेली. त्या दिवशी निवड केंद्रावर हाताची पडताळणी होती. आपण आज सापडणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. रेकॉर्डमधला हात एक आणि खुर्चीशी उभा राहिलेला हात दुसरा, हे ओळखायला कितीसा वेळ लागणार? रिक्षात बसल्या बसल्या तिनं दोनदा तळहात पुसले. खरं सांगायचं तर सापडलो तर सुटलो, असंही तिला मधूनच वाटत होतं.

परीक्षक डॉ. शिराळकर मऊ बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी तिच्या हातात एक नवा हँडपीस दिला. दात कापायचं नेहमीचंच यंत्र, पण मानेशी जरा जाड. त्याला सहहस्त म्हणतात, यंदापासून निवड झालेल्या प्रत्येकाला यानंच काम करायचंय, असं त्यांनी सांगितलं.

"तुमचा हस्तालेख यात भरलेला आहे," ते म्हणाले. "हात चुकायला लागला की हा त्याला तुमच्याच सवयीवर आणतो. घाबरायचं कारण नाही, हा तुमचाच हात आहे."

समोर राळेचा बनावट जबडा होता. दाढेखाली ओठाला संवेदना देणाऱ्या नसेच्या जागी एक तार होती. तारेला धक्का लागला की लाल दिवा. यामिनीनं सुरुवात केली आणि पहिल्याच कापात हात तिचं ऐकेना. ती दाढ बाहेरच्या बाजूनं फोडायची. हँडपीस तिचं मनगट हलकेच आत वळवत होता. वळवून झाल्यावर तो क्षणभर थबकला, मग अर्धा वळसा घेऊन जोरात उतरला. ते थबकणं तिच्या पुरत्या ओळखीचं होतं. ती बारा वेळा शेजारी उभी राहून ते बघत आली होती.

मुळापाशी तिला थांबायचं होतं. तिनं बोटं आवळली, दुखरे सांधे ठणकले, पण तस्लीमच्या सवयीला तिथे थांबणं ठाऊक नव्हतं. हत्यार पुढे गेलं आणि तारेपासून केसभर अंतरावर थांबलं. दिवा लागला नाही. भिंतीवरच्या पडद्यावर तिचा आकडा शहाण्णव झाला. शिराळकरांनी मान डोलावली. यामिनीला भयंकर भीती वाटली, कारण आता तिला कोणीच पकडणार नव्हतं.

दुपारी शेवटचा टप्पा, परीक्षकासमोर खरा पेशंट. खुर्चीवर यशवंत गुरव रेलून पडले होते, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे. यामिनीनं एक्स-रे उजेडाकडे धरला. दाढेचं मूळ गळासारखं वळून नसेला चिकटलं होतं. अशी दाढ वरून कापून मूळ तसंच ठेवायचं असतं, हे तिनं वाचलं होतं. तस्लीमच्या बारा दाढांत असली एकही नव्हती, म्हणजे सहहस्तालाही ती माहीत नव्हती. नस तुटली तर या माणसाचा खालचा ओठ कायमचा बधिर होणार, आणि क्लॅरिनेट तर त्याच ओठावर.

सहहस्त बंद करून काम करता येईल का, असं तिनं विचारलं. करता येईल, शिराळकर म्हणाले, पण मग पडताळणी रद्द, आकडा पुन्हा मोजावा लागेल. आणि शहाण्णव असताना बंद कशाला करायचं? तिनं इंजेक्शन भरलं. घरी आई फोनशी बसून असेल, हे तिला ठाऊक होतं. गुरवांनी तिच्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं.

"मॅडम, रागावू नगासा," ते म्हणाले. "ओठावर माझं पोट हाय, म्हणून इचारतो. अक्कलदाढा तुमी सवताच्या हातानं आजपातूर किती काढल्यासा?"

पंधरा, एवढंच म्हणायचं होतं. भिंतीवर तसं लिहिलेलंही होतं. यामिनीनं इंजेक्शन ट्रेमध्ये परत ठेवलं.

"तीन," ती म्हणाली.

गुरव उठून बसले. डॉ. शिराळकरांनी पडद्यावरची नोंद वरपासून खालपर्यंत पाहिली. मग चष्मा काढून त्यांनी नेहमीच्याच मऊ आवाजात विचारलं,

"मग उरलेल्या बारा कोणी काढल्या?"