आतून फुटलेली काच

ज्यांना करमणूक हवी असेल त्यांनी हे पान उलटावे. मी सांगते आहे ते घडलेले आहे. माझ्या दुकानात, माझ्या डोळ्यांदेखत, भर दुपारी. खोटे बोलून टाळ्या मिळवण्याचे माझे वय नाही आणि स्वभाव तर कधीच नव्हता.

मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. आमच्या यजमानांनी रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. ते गेल्यावर मी चालवले. रेडिओ गेले, टीव्ही आले. टीव्ही गेले, फोन आणि टॅब आले. खुर्ची तीच राहिली आणि खुर्चीत मी राहिले. आता टेबलावर माझा धाकटा मुलगा बसतो. पावत्यांचे काम सून पाहते. पण शिस्त माझी.

टॅब बंद केल्याशिवाय उघडायचा नाही. उघडला की सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवायची, मग बाकी कशालाही हात. बॅटरीखाली लोखंडी हत्यार घालायचे नाही. डोळ्यांवर चष्मा, मनगटात अर्थिंगचा पट्टा, बोटात अंगठी नाही. काढलेली बॅटरी खिडकीजवळच्या वाळूच्या डब्यात. माझ्या हातावर भाजल्याचे तीन डाग आहेत. ते हे नियम करण्यापूर्वीचे आहेत.

आणखी एक नियम आहे. पावतीवर माझी सही झाली की वस्तू दुरुस्त होऊनच दुकानाबाहेर जाते. "जमलं नाही" हे शब्द आमच्या काउंटरवरून कोणी ऐकलेले नाहीत.

या शेवटच्या नियमाने माझा मुलगा मारला असता.

सोमवारी संध्याकाळी एक गृहस्थ आला. चाळिशीचा. कडक इस्त्रीचा शर्ट. त्याने टॅब टॉवेलमध्ये गुंडाळून आणला होता.

"आजी, काच गेलीय याची."

"आजी घरी. इथे बाई म्हणायचं. कसा फुटला?"

"पडला."

"कशावर?"

तो टॉवेलची घडी घालू लागला.

"...फरशीवर."

धाकट्याने टॅब उलटसुलट करून पाहिला. "फरशीवर पडला तर कोपरा चेपतो हो. हे चारही कोपरे धड आहेत. मधोमध फुटलाय हा."

"तुम्ही दुरुस्ती करता की चौकशी?" तो एकदम चिडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "एकदा चालू करून द्या फक्त. त्यातलं एक रेकॉर्डिंग मला पुसायचंय. तुम्ही काही उघडून बघू नका."

"लोकांच्या भानगडीत नाक खुपसायची या दुकानाला सवय नाही," मी म्हणाले.

सून माझ्या कानाशी आली. "आई, नका घेऊ. या माणसाचं लक्षण मला ठीक दिसत नाही."

"लक्षणं डॉक्टरने बघायची. आपण टॅब बघायचा."

मी पावतीवर सही केली. मंगळवारी दुपारी एक वाजता यायला सांगितले.

मंगळवारी सकाळी साडेअकराला धाकट्याने काम हाती घेतले. फुटक्या काचेचे तुकडे उडू नयेत म्हणून त्याने तिच्यावर चिकटपट्टी लावली. लावता लावता त्याचा हात थबकला.

"आई, जरा बोट फिरवून बघ."

मी फिरवले. काच मार लागून आत दबलेली नव्हती.

ती बाहेर आली होती... जणू आतून कोणी ढकलली असावी.

"बॅटरी फुगली असेल," मी म्हणाले. "गरम करू नकोस. गोंद सोडवायच्या औषधाचे थेंब सोड आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने सावकाश उचल."

अर्धा तास लागला. काच सुटली. कडेच्या फटीत एक केस अडकला होता. पांढरा. लांब. मुळाशी काहीतरी काळपट वाळलेले.

आणि बॅटरी...

बॅटरी पाटीसारखी सपाट होती. मुळीच फुगलेली नव्हती.

मग काच कशाने ढकलली?

धाकट्याने जोडणी सोडवली, गोंद मोकळा केला, बॅटरी काढून वाळूत ठेवली. उरले काय, तर पत्रा, एक हिरवी पट्टी आणि चार वायरी. त्यात जीव धरायला काही नव्हते.

तेवढ्यात...

धप्.

सुनेने मान वर केली. "दार वाजलं का?"

दाराजवळ कोणी नव्हते.

धप्. धप्.

आवाज टेबलावरून येत होता. उघड्या टॅबमधून. दार बाहेरून लावून घेतल्यावर आतला माणूस तळहाताने बडवतो ना, तसा.

"वरच्या मजल्यावर काम चालू असेल," मी म्हणाले. आमच्या दुकानाला वरचा मजला नाही. हे तिघांनाही ठाऊक होते.

धाकट्याने पडद्यासकट नवी काच नुसती जोडली. चिकटवण्यापूर्वी तपासणी करावी लागते. टेबलावरच्या पॉवर सप्लायच्या दोन वायरी लावल्या की पडद्यावर पांढरे चौकोन येतात. बोट फिरेल तो चौकोन हिरवा होतो.

चौकोन आले.

धाकट्याने अजून बोट लावले नव्हते.

एक चौकोन हिरवा झाला. मग दुसरा. मग एकदम पाच...

हात न लावता पडदा दबला जाणे, हा दोष आम्हाला नवा नाही. वायर नीट बसली नाही की होतो. मी तेच सांगणार होते. पण त्या हिरव्या चौकोनांची बोटे झाली. बोटांखाली तळवा उमटला. पुरा पंजा. अनामिका मधूनच वाकडी, बाहेर वळलेली.

"सप्लाय बंद कर."

त्याने बटण दाबले. मी स्वतः वायरी उपटल्या.

पडदा तसाच उजळलेला.

बॅटरी वाळूत. वायरी माझ्या हातात. आणि पंजा मागे गेला... लहान झाला... आणि सगळ्या ताकदीने काचेवर येऊन आदळला.

नवी काच आतून फुटली. एक तुकडा धाकट्याच्या गालात घुसला, दुसरा चष्म्यावर आपटला. चष्मा नसता तर डोळा गेला असता. रक्त हनुवटीवरून थेट टेबलावर टपकू लागले.

सून किंचाळली. "आई, तो टॅब परत द्या! आत्ताच्या आत्ता! त्या टॉवेलात गुंडाळा आणि द्या फेकून त्याच्या तोंडावर!"

"आई, ती म्हणते ते बरोबर आहे," धाकटा म्हणाला. गालावर रुमाल दाबून तो माझ्याकडे पाहत होता. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, पण त्या क्षणी तो माझी परवानगी मागत होता.

मी द्यायला हवी होती.

"सही माझी आहे," मी म्हणाले. "कपाटात आणखी एक काच आहे. जोड."

त्याने जोडली. आजवर त्याने माझा शब्द खाली पडू दिलेला नाही. काच जागेवर धरण्यासाठी त्याने उजवा तळहात तिच्यावर ठेवला.

आणि तो हात निघेना.

आधी त्याला वाटले, गोंद लागला. तो हसला देखील. "चिकटलो की काय मी!"

मग त्याचे हसू विझले.

"आई... कोणीतरी धरलंय."

त्याच्या बोटांच्या फटींतून काचेखाली दुसरी बोटे दिसत होती. प्रत्येक बोटात बोट. ती आवळत चालली. काचेला तडे गेले आणि ते तडे त्याच्या तळव्यात शिरले. मनगट हळूहळू मागे वळू लागले, जिकडे मनगट वळत नाही तिकडे.

कट्.

करंगळी मोडली. माझा मुलगा असा ओरडला की तो आवाज माझ्या हाडांत उतरला.

सून त्याच्या कमरेला धरून ओढत होती. मी हातोडी घेतली आणि टॅबच्या कडेवर घातली. एकदा, दोनदा, तीनदा. पत्रा वाकला. पकड ढिली झाली नाही. टेबलावर रक्ताचे थारोळे झाले होते. धाकट्याचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला होता.

"हात तोड, आई," तो म्हणाला. "तोड, पण सोडव मला."

तेवढ्यात दार उघडले. एक वाजला होता.

"झाला का चालू?" तोच गृहस्थ. कडक इस्त्री.

त्याचा आवाज आला मात्र, काचेखालची हालचाल थांबली.

एकदम. श्वास रोखून कोणी कोपऱ्यात बसावे तशी.

पण पकड सुटली नाही. उलट ती घट्ट झाली. घाबरलेले मूल अंधारात मिळेल तो हात आवळते, तशी. कट्. धाकट्याचे दुसरे बोट गेले.

मी काय करते आहे ते मला समजत नव्हते. मी माझा तळहात त्या काचेवर ठेवला, मुलाच्या हाताशेजारी. काच बर्फासारखी गार होती. माझ्या तळव्याखाली दुसरा तळवा आला. आकाराने माझ्याएवढाच. सुरकुतलेला. म्हातारा. ती वाकडी अनामिका माझ्या अनामिकेला लागली, आणि मी ओळखले. नाव, गाव नव्हे. एक बाई दुसऱ्या बाईला ओळखते, तेवढेच.

मी खाली वाकले. काचेला ओठ लावून बोलले.

हात सुटला.

धाकटा आणि सून दोघेही मागे भिंतीवर कोसळले. पडदा काळा झाला. दुकानात फक्त माझ्या मुलाच्या हुंदक्यांचा आवाज.

"हे काय चाललंय?" तो गृहस्थ काउंटरला वळसा घालून आत आला. रक्त पाहूनही त्याची नजर टॅबवरच होती. "मला द्या तो. द्या इकडे."

त्याने टॅब दोन्ही हातांत घेतला.

पडदा उजळला. पांढरा उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडला. त्याला त्यात काय दिसले मला माहीत नाही. मी त्याच्या मागे होते.

तो एवढेच म्हणाला, "आई?"

मग त्याचे हात वर गेले. त्याचेच हात. आणि त्या हातांनी टॅबची कड त्याच्याच कपाळावर आदळली.

पुन्हा.

पुन्हा.

"आई, नको! नको गं, आई! चुकलो!"

कपाळ फुटले. नाक मोडल्याचा आवाज आला. काचा त्याच्या गालांत, मानेत रुतत गेल्या. तो गुडघ्यांवर आला, तरी हात थांबले नाहीत. मी त्याचे मनगट धरले, तर त्याने मला एखादी चिंधी झटकावी तसे झटकले. तो आडवा झाला. ओरडणे थांबले. श्वास थांबला.

त्यानंतरही ते हात चार वेळा वर गेले आणि खाली आले.

पोलिसांनी सगळे तपासले. आमच्या कॅमेऱ्यात दिसते ते स्पष्ट आहे: माणसाने स्वतःला मारले. पंचनाम्यात बॅटरी वाळूच्या डब्यात सापडल्याची नोंद आहे. टॅब पुन्हा कधीच चालू झाला नाही.

आठवड्याने त्याची बायको आली. साधी, थकलेली मुलगी. तिच्याकडून कळले की टॅब तिच्या सासूचा होता. सासू स्वयंपाकघरात पडून गेली, असे नवऱ्याने सगळ्यांना सांगितले होते. तेव्हा ही माहेरी होती.

"त्यांचं एक बोट वाकडं होतं का गं?" मी विचारले.

तिने होकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, "लहानपणी यांनीच दारात चेंगरलं होतं. सासूबाई मात्र सगळ्यांना सांगायच्या, विहिरीच्या दोराने झालं."

जाताना ती दारात थबकली. "एक समजत नाही मला. सासूबाई गेल्यापासून नऊ दिवस तो टॅब यांच्या उशाखालीच होता. रोज रात्री. मग तेव्हा काहीच कसं झालं नाही?"

मी तिला पायरीपर्यंत सोडून आले.

धाकट्याची बोटे जुळली. तो आता पुन्हा टेबलावर बसतो. पावतीवर सही सून करते. मी तो अधिकार स्वतःहून सोडला. एकदा तिने विचारलेच, "आई, काचेला तोंड लावून तुम्ही काय म्हणालात तेव्हा?"

"विनवणी केली. म्हटलं, माझ्या मुलाला सोड."

हे खरे आहे, पण अर्धे. उरलेले अर्धे मी घरात कोणाला सांगितलेले नाही. येथे लिहिते.

पहिल्या वाक्याने ती सोडत नव्हती. म्हणून मी दुसरे वाक्य बोलले. पूर्ण शुद्धीत, शब्द निवडून.

"माझा सोड, बाई. तुझा तिकडे उभा आहे."

लोक म्हणतात, त्या माऊलीने सूड घेतला.

नऊ रात्री त्याचे डोके तिच्यावर टेकलेले होते. ती आतून काच बडवत राहिली, फोडत राहिली, परक्यांचे हात मोडत राहिली... पण त्याला तिने बोट लावले नव्हते.

मी सांगेपर्यंत.