छबूबाई कुठं कामाला होती?

रात्री साडेदहाला लाईट गेली आणि सगळे गच्चीवर आले. पंकजने लगेच विषय काढला. "आबा, भुताची एक होऊन जाऊ द्या. पण खरी. मागची चिंचेवरची लई फेकाफेकी होती."

"खरीच सांगतो," काकासाहेब म्हणाले. "पन मधी हसायचं न्हाई."

निकिताला आजोबांचा आवाज नेहमीसारखा वाटला नाही. पंकजचं तिकडे लक्ष नव्हतं. तो उशी पोटाशी घेऊन आरामात टेकला होता.

गोष्ट महेंद्रची होती. सुप्याच्या बाजूला कांदा वाळवून त्याची पूड करणारी एक कंपनी होती. पूड सगळी परदेशात जायची. महेंद्र तिथे सुपरवायझर, आणि काकासाहेब कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. गावोगावच्या बायकांना कामावर आणायचं आणि परत सोडायचं, त्यामुळे दोघांची रोजची ऊठबस.

दोन हजार चोवीसची एकोणीस मे, रविवार. रात्री नऊच्या सुमारास मॅनेजरने महेंद्रला एक काम सांगितलं. काम साधं होतं. सकाळी परदेशी खरेदीदाराचा माणूस पुन्हा तपासणीला येणार होता. ठेकेदाराकडच्या ज्या बायकांची नावं हजेरीवर नव्हती, त्यांना उद्या येऊ नका म्हणून सांगून यायचं. "फोनवर नको, रेकॉर्डिंग राहतं. तोंडी सांग."

"मग आधीच्या तपासणीला या बायका कुठं जायच्या?" निकिताने विचारलं.

काकासाहेबांनी चंची चाचपली, पण उघडली नाही. "बसमधी."

तपासणी असली की त्या बायकांना बसमध्ये बसवायचं आणि बस लांब माळावर नेऊन उभी करायची. काचा बंद, पडदे ओढलेले. साहेब गेला की परत आणायचं. दहा दिवसांपूर्वी, नऊ तारखेलाही तसंच केलं होतं. ऊन असं, की पत्र्याला हात लागत नव्हता. आत एकतीस बायका. त्यात छबूबाई. चार वर्षं कांदा कापून तिची बोटं काळी पडली होती. तिचा उरक बघून बाकीच्या तिला मशीनच म्हणायच्या. दुपारी दीडला ती म्हणाली, "भाऊ, जरा काच उघडा. जीव घाबरतोय."

"साहेब गेल्याचा फोन आल्याबिगर न्हाई," महेंद्र म्हणाला.

फोन तीन वाजता आला.

"मग?" पंकज उठून बसला.

"मग दवाखाना. काय उपयोग हुता त्याचा... डॉक्टरनं इचारलं, ही बाई कुठं कामाला? महेंद्र म्हनला, म्हाईत न्हाई. रस्त्यात हात केला म्हनून बसमधी घेतली. पोलिसांनीबी तेच लिहून घेतलं. तिला दोन पोरी. आय नव्हती ऱ्हायली, आन् आय कंपनीत हुती हेबी नव्हतं ऱ्हायलं. एक वाक्य कुनीतरी बोलायचं हुतं. तेवढ्यावर पोरींच्या भरपाईचं सगळं अडलं हुतं."

"बाकीच्या बायका काय बोलल्या?"

"त्यांना दुसऱ्या दिवशी काम पायजे हुतं."

तर महेंद्र मोटरसायकल काढून निघाला. तीन गावं झाली. बायका दारातूनच 'बरं' म्हणायच्या. एरवी चहा केल्याशिवाय न सोडणाऱ्या, पण त्या रात्री कुणी आत या म्हणालं नाही. चौथ्या गावाच्या फाट्यावर आला तेव्हा पावणेबारा वाजले होते.

फाट्यावर एक बाई उभी होती. डोक्याला कंपनीची पांढरी टोपी, हातात डबा.

कुणीतरी घरी जायची राहिली असेल, असं वाटून त्याने गाडी हळू केली. "उद्या येऊ नका," तो सवयीने म्हणाला.

बाईने मान वर केली नाही. "भाऊ, मंग घरी काय सांगू?"

आवाज ओळखीचा होता.

"मी कुठं कामाला हाय म्हनून सांगू?"

गाडी बंद पडली. दिवा गेला. महेंद्रला सांगायचं होतं. कंपनीचं नाव अगदी ओठांवर आलं...

"भाऊ?"

वारा नाही. कुत्रं नाही. फक्त श्वास. जवळ येणारा. काचेआडून यावा तसा...

"कुठं हाय मी कामाला?"

"म्हा... म्हाईत न्हाई."

दुसऱ्यांदा तेच.

मग काहीच नाही...

पहाटे तो स्वतःच्या दारात बसलेला बायकोला दिसला. गाडी कशी चालू झाली, तो घरी कसा आला, त्याला काही सांगता येईना. दहाला पोलीस ठाण्यातून फोन आला. महेंद्रने काकासाहेबांना सोबत नेलं.

हवालदाराने दोन पानं पुढे केली. "रात्री टेबलावर ठेवून गेलात. असं ठेवून जातात व्हय? आधी सांगा, अक्षर तुमचंच ना?"

अक्षर महेंद्रचंच होतं. बस, पडदे, दीड वाजता, तीन वाजता. कंपनीचं नाव. छबूबाई चार वर्षं कामाला होती, हे वाक्य. खाली सही.

"मग तो नाही म्हणाला?" पंकजने विचारलं.

"सही समोर हुती. तोंडातनं 'न्हाई' निघंना. व्हय म्हनला, आन् रडला. पोरींचं काम मार्गी लागलं."

"मग चांगलंच भूत की, आबा!"

निकिता काकासाहेबांकडे बघत होती. तिने हळूच विचारलं, "आबा, ड्रायव्हरच्या बाजूची काच पण बंद होती?"

खालच्या गल्लीत कुणीतरी दार लावलं.

"न्हाई," काकासाहेब म्हणाले. "माझी उघडी हुती."

पंकजने उशी बाजूला ठेवली.

"त्या रात्री मी इथंच झोपलो हुतो. तुमच्या आज्जीला इचारा. पन त्या कागदावर महेंद्रच्या खाली अजून एक सही हुती..." त्यांनी अंधारात आपला उजवा हात उलटा-सुलटा करून पाहिला. "शाळंपासनं मी सही करताना नावावर वरची रेघ वढत न्हाई. तिथंबी वढलेली नव्हती."