मांजरपाटाचं शीड

पुणतांब्याला समुद्र नाही. पण भादव्यात गोदावरी भरली की आम्हाला तेवढी पुरे. नाव भिमाजी कोळ्याची, शिवण अलीम शिंप्याची आणि कापड माझ्या बापाचं.

ते कापड कुठून आलं, तेही ऐका. साल पंचेचाळीस. कापडाला रेशन, कफनालासुद्धा परमिट. परमिट देणाऱ्या कमिटीवर आमचे अब्बा, फक्रुद्दीन शेठ. अलीमची अम्मी, बानूचाची, वारली तेव्हा त्यांनी सांगितलं, कापड शिल्लक नाही. तिला जुन्या चादरीत पुरलं. आठवड्यानं आमच्याच घरात, बाजरीच्या कणगीतून मी मांजरपाटाचा अख्खा तागा उपसला. शाळा सोडलेल्याला अक्कल नसते, असं अब्बा म्हणायचे. म्हटलं, याचंच शीड करू आणि भर दुपारी घाटासमोरून नेऊ. थोरामोठ्यांनी काय दडवलंय, ते गावाला दिसू दे. सगळं अलीमला सांगितलं. तो शिवायला बसला.

"दाव्यानं शीड बांधतोस? बैल हाय का ते?" भिमाजी हसला.

निघालो तेव्हा लख्ख ऊन होतं. घाटावर बायकांचं धुणं थांबलं. मग आभाळ आलं, चार थेंब पडले, पुन्हा ऊन. आणि वारा पडला. पान हलेना. शीड मात्र फुगलेलंच.

भिमाजीनं वल्हं पाण्याबाहेर काढलं. "म्या न्हाई वल्हवत... तिची ती चाललीया..."

नाव धारेच्या उलट चालली होती, वरच्या अंगाच्या कब्रस्तानाकडे. नुकत्या उकरलेल्या मातीचा वास यायला लागला.

काठाला टेकताच शीड अलगद खाली आलं. फाटल्याचा आवाज नाही. अलीमनं गोळा केलं तर आठ तुकडे, कडा कात्रीनं कापल्यासारख्या. आमच्याकडे कात्री नव्हती.

"बाईच्या कफनाला पाच लागतात," तो म्हणाला. पाच त्यानं अम्मीच्या कबरीवर पसरले. उरलेल्यातला लांब तुकडा आधी स्वतःला लावून पाहिला, मग मला.

"गड्याला तीन... पण हे माप आपलं न्हाई."

तेवढ्यात काठाकाठानं अब्बा आले, शिव्या देत, कापड मागत.

"घ्या," मी म्हणालो. "तुमचंच आहे."

तीन तुकडे हातावर पडताच त्यांनी त्यांची नीट घडी घातली. छातीशी धरून माघारी वळले. मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. फक्त ते शेजारून गेले तेव्हा कापराचा वास आला. मयतीला लावतात, त्या कापराचा.