सुळे लांब हवेत

ही गोष्ट खोटी निघाली, तर सगळ्यात जास्त आनंद मलाच होईल. पण ती मी मावशीच्या तोंडून ऐकली आहे, आणि मावशीला थापा मारता येत नाहीत. वय विचारलं तरी खरं सांगते ती.

थंडीतला मंगळवार. संध्याकाळचे सहा. रस्त्यावरचे दिवे नुकते लागलेले.

मावशी दातांच्या कवळ्या बनवते. पुढच्या खोलीत तिचं टेबल. प्लास्टर, मेण, घासायचं मशीन. गिऱ्हाईक आत घ्यायचं नाही, हा तिचा नियम. जमिनीवर प्लास्टरची धूळ असते, पावलं घरभर उमटतात. रस्त्याकडच्या खिडकीतून द्यायचं, घ्यायचं. खिडकीसमोरच्या भिंतीवर आरसा. गिऱ्हाइकाने बाहेरूनच हसून बघायचं.

घरात ती आणि तिच्या सासूबाई. दोघीच. सासूबाईंच्या तोंडात एक दात नाही, पण जीभ शाबूत.

"जगाला दात वाटतेस, आणि घरात सासू बोळकी!"

"तुम्हाला दात दिले, तर मला कोण वाचवेल?"

बारा वर्षं हेच चाललेलं. एकीला दुसरीशिवाय घास जात नसे, ती गोष्ट वेगळी.

आठवड्यापूर्वी खिडकीत एक डबा ठेवलेला सापडला होता. आत कुणाच्या तरी हिरड्यांचं माप. सोबत जुन्या दातांचा पिवळट साचा आणि चिठ्ठी... 'असेच हवेत.'

साच्यातले वरचे दोन सुळे भलतेच लांब होते.

मावशीला नवल वाटलं नाही. तोंडातून माप ओढून काढताना कधी कधी टोकं ताणली जातात. असलं तिने शेकडो वेळा दुरुस्त केलं होतं. तिने आपले बेताचे सुळे लावले. चकचकीत घासले.

चूक तिथेच झाली.

त्या मंगळवारी पावलं वाजली नाहीत... पण मावशीने मान वर केली, तर खिडकीत माणूस उभा. उंच, वाळलेला. जुन्या कोटाला कडक इस्त्री. गाल आत गेलेले.

"आत येऊ?"

"इथूनच बघा. आत नाही घेत कुणाला."

"तुम्ही 'या' म्हणालात, तरच येईन."

"नाही म्हणतेय ना!"

त्याने कवळी तोंडात बसवली. मावशी सवयीने आरसा सरळ करायला वळली.

आरशात खिडकी होती. रस्त्यावरचा दिवा होता. आणि दिव्याखाली, अधांतरी...

कवळी.

नुसती कवळी.

ती उघडली. मिटली.

"सुळे आखूड केलेत," आवाज आला. "कुणाला विचारून?"

मावशीने मागे पाहिलं. माणूस तिथेच होता. पण बाई हट्टी.

"तसले दात मी कुणाला करून देत नाही. जा तुम्ही."

"मग मी उपाशी राहू?"

एवढं मात्र आत ऐकू गेलं. सासूबाई काठी टेकत दारात आल्या.

"अगं, उपाशी माणसाला बाहेर उभं करतेस? लाज आहे का काही? या हो, आत या!"

"आई, नको...!"

कडी वाजली नाही. दार उघडलं नाही. फक्त खिडकी रिकामी झाली...

आणि तो दोघींच्या मध्ये उभा होता.

मावशीची नजर खाली गेली. पांढऱ्या धुळीत सासूबाईंची पावलं होती. काठीचे ठिपके होते.

त्याचं काहीच नव्हतं.

त्याने कवळी काढली. रुमालाने पुसली. सासूबाईंकडे पाहून म्हणाला, "तुमच्या सुनेमुळे माझे दात गेले. हरकत नाही. माझं काम दुसऱ्याच्या दातांनीही होतं."

दिवा गेला.

दिवा आला.

तो नव्हता. सासूबाई खुर्चीत बसून हसत होत्या. पांढरेशुभ्र दात दाखवून.

"बसली गं! अगदी फिट्ट!"

एकाची कवळी दुसऱ्याला बसत नाही. मावशीचं आयुष्य त्यात गेलंय. तिने ती ओढून पाहिली. निघेना.

याला तीन वर्षं झाली. सासूबाई दिवसा काही खात नाहीत. आणि प्लास्टिकचे दात वाढत नसतात, पण हे दोन सुळे... आठवड्याला तांदळाएवढे वाढतात. दर मंगळवारी मावशी त्यांचं डोकं मांडीवर घेते, मशीन लावते आणि सुळे घासून बेताचे करते. "हळू गं," सासूबाई म्हणतात, आणि लहान पोरीसारख्या डोळे मिटून घेतात.

"निघून ये तिथून," मी कितीदा म्हटलं.

"आणि त्यांना घासून कोण देईल? तू?"

गेल्या मंगळवारी मावशी तापाने पडली होती. मशीन लागलं नाही.

बुधवारी मी फोन केला. बराच वेळ वाजला. मग कुणीतरी उचलला... पलीकडे श्वासाचाही आवाज नाही.

"मावशी?"

पुरुषाचा आवाज आला. अगदी अदबीने.

"आत येऊ?"

मी फोन ठेवून दिला. एक अक्षर बोलले नाही.

मावशीकडे जायला हवं, कळतंय मला. रोज चपला घालते, रोज काढते. ती दारात येऊन हसली तर मी आधी काय बघेन, ते मला माहीत आहे.

आणि तेव्हापासून माझ्या दारात कुणीही आलं, अगदी सख्खं माणूस असलं, तरी 'या' हा शब्द तोंडून फुटत नाही.