मागे दिलेली बॅटरी

आधीच सांगते, ही गोष्ट खरी आहे.

शपथा घालत बसणार नाही. जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी धाकटी बहीण. खोटं बोलताना तिचे कान लाल होतात, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. हे सांगताना तिचे कान पांढरेफटक पडले होते.

आणि रात्रबित्र काही नव्हती. रविवारची दुपार होती. खिडक्यांतून लख्ख ऊन आत आलेलं. भुताला शोभेल असं तिथे काहीही नव्हतं.

धाकटी आणि तिचा नवरा भिंतींना भोकं पाडतात. हाच त्यांचा व्यवसाय. जिन्याचे कठडे, फळ्या, टाकीचे कंस, जे काही भिंतीला घट्ट बसवायचं असेल ते. नवऱ्याला आम्ही सगळे जावईबापू म्हणतो. पूर्वी मशीन ते चालवायचे आणि धाकटी झाडू घेऊन मागे उभी असायची. मशीन म्हणजे बॅटरीवरचा हॅमर. फिरतोही आणि ठोकतोही. विटेच्या भिंतीत लोण्यात सुरी जावी तसा जातो. काँक्रीटमध्ये मात्र त्याला दोन्ही हातांनी धरावं लागतं, म्हणून त्याला बाजूला एक जादा मूठ असते.

ती मूठ जावईबापूंनी एकदा काढून ठेवली. कोपऱ्यात अडत होती म्हणे.

बिट, म्हणजे मशीनच्या तोंडातली भोक पाडणारी कांब, भिंतीतल्या सळईत अडकलं. बिट जागच्या जागी थांबलं आणि मशीन फिरलं. मशीनबरोबर जावईबापूंचं मनगटही फिरलं.

आता त्या मनगटात धातूची पट्टी आहे. दुधाची पिशवी उचलतात, हॅमर उचलत नाहीत.

तेव्हापासून मशीन धाकटी चालवते आणि ते मागे उभे राहतात. तिच्या उजव्या हातावर ते घर चालतं. हे वाक्य मी उगाच लिहिलेलं नाही.

मनगट मोडल्यापासून जावईबापू नियमांचे इतके पक्के झाले की बोलायची सोय राहिली नाही. डोळ्यांवर चष्मा, कानांवर ते मोठे मफ. केस बांधलेले, ओढणी गाडीत. फिरत्या बिटजवळ हातमोजा चालायचा नाही. बॅटरी गरम असताना चार्जरला लावायची नाही. बिटच्या शेपटाची धूळ पुसून ग्रीसचं एक बोट लावल्याशिवाय ते आत जाणार नाही. धाकटी म्हणायची, "एवढी काळजी माझ्या बाळंतपणात घेतली असती, तर तुमची पूजा केली असती."

सगळ्यांत कडक नियम बिट बदलायचा. बिटला हात लावण्याआधी बॅटरी काढायची आणि ती दुसऱ्याच्या हातात द्यायची. टेबलावर नाही, जमिनीवर नाही. माणसाच्या हातात. ज्याचा हात बिटवर, त्याच्याकडे बॅटरी असता कामा नये.

कानांवर मफ असल्यामुळे बोलणं होत नसे. सगळं हातांनीच. धाकटी मागे न बघता डावा हात मागे न्यायची, जावईबापू बॅटरी घ्यायचे. ती बिट बदलायची, एकदा ओढून बघायची, आणि मोकळा तळहात मागे धरायची. म्हणजे, हात बिटवरून निघाला, आता द्या. मग बॅटरी त्या तळहातावर यायची.

इतकी सवय झाली होती की दोघांपैकी कुणीही बघत नसे.

तर त्या रविवारी ते एका रिकाम्या मजल्यावर काम करत होते. तिथे व्यायामाने उपचार करणारं केंद्र होणार होतं. लांबलचक बोळ आणि त्याच्या भिंतीला कमरेच्या उंचीवर, धरून चालायला, दांडा बसवायचा होता. मजल्यावर वीज अजून आलेली नव्हती, म्हणून बॅटरीचं मशीन.

आधीच्या फिटरने बोळाच्या निम्म्या भिंतीपर्यंत भोकं पाडून ठेवली होती. सुबक, एका रेषेत.

आणि मग एक भोक... अर्धवट.

त्याच्यापुढे कोरी भिंत.

"कंटाळला असेल," जावईबापू म्हणाले.

"भोक अर्धं ठेवून कुणी कंटाळतं का?" धाकटी म्हणाली. "कंटाळा भोक पुरं झाल्यावर येतो."

तिने पालथ्या बादलीवर बसकण मारली, मफ चढवले आणि कामाला लागली. थोड्या वेळाने जावईबापू समोर येऊन काहीतरी बोलले. तिने मान हलवली. काय बोलले ते तिला ऐकू आलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली की मान आपोआप हलते.

अर्धवट भोकाशी ती आली.

ते पुरं करावं म्हणून तिने बिट आत घातलं. जरासं आत गेलं आणि आतून कडकड आवाज आला. सळई. तिने लगेच बटणावरचं बोट काढलं, बिट सरळ मागे घेतलं. थोडं बाजूला सरकून बारीक बिटने चाचपून बघायचं ठरवलं.

बॅटरी काढली. डावा हात मागे नेला.

बॅटरी घेतली गेली.

नेहमीसारखी नाही. जावईबापू पंजात घेतात. ही चिमटीत धरून उचलल्यासारखी... अलगद गेली.

मनगट दुखत असेल, असं तिला वाटलं. तिने बिट बदललं, ग्रीस लावलं, ओढून बघितलं. मोकळा तळहात मागे धरला.

बॅटरी हातावर आली.

थंडगार.

आता बघा, काम करून काढलेली बॅटरी कोमट असते. तापलेली असते कधीकधी. ही फ्रिजमधून काढल्यासारखी होती. धाकटी मनात म्हणाली, दुसरी दिली असेल. बॅटरी बसवली, भोक पाडलं. जागा चांगली लागली, सळई नव्हती.

आता परत जाड बिट.

बॅटरी काढली. हात मागे. घेतली गेली.

मशीन मांडीवर आडवं ठेवून तिने उजव्या हाताने चकची, म्हणजे बिट धरून ठेवणाऱ्या तोंडाची, कड मागे ओढली. बारीक बिट निघालं. जाड बिट आत सरकवलं, पण ते नीट बसेना. धूळ गेली असावी. ती बोटांनी फिरवत राहिली.

तेव्हा खांद्यावर कुणीतरी टिचकी मारल्यासारखं केलं.

टक... टक.

"थांबा हो, बसत नाहीये," ती म्हणाली.

टक... टक.

"अहो, घाई आहे का कुठे जायची?"

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. तिने डाव्या हाताने काढला. पडद्यावर नवऱ्याचं नाव.

तिने एक मफ बाजूला केला.

"अगं, ऐक," जावईबापू म्हणाले. "वॉचमन खोलीला कुलूप लावून जेवायला गेलाय. चार्जर आणि दुसरी बॅटरी आत. मी खालीच बसलोय. तुझ्या बॅटरीत आहे ना अजून?"

धाकटीने फोन कानाशी आणखी दाबला.

"अगं?"

"तुम्ही कुठे आहात?"

"खाली. सांगून नाही का आलो? मान हलवलीस की."

बोळात ऊन होतं. धुळीचे कण हवेत तरंगत होते. समोरच्या भिंतीवर तिची सावली पडली होती.

एकटीची.

"अहो," ती हळू आवाजात म्हणाली, "मी बॅटरी मागे दिली."

"मागे म्हणजे? कुणाला?"

"...घेतली कुणीतरी."

जावईबापू तसे चेष्टेखोर. पण या नियमाची चेष्टा ते करत नाहीत, आणि ती करत नाही हेही त्यांना माहीत आहे.

"हात कुठे आहे तुझा?"

"बिटवर."

"काढ. मागे बघू नकोस. आधी हात काढ."

तिला हात काढायचा होता. ती म्हणते, मी शरीराला सांगत होते आणि शरीर दुसऱ्या कुणाचं तरी ऐकत होतं. बोटं बिटभोवती तशीच. ग्रीसने चिकट झालेली.

आणि मग...

खट्.

तो आवाज तिला झोपेतही ओळखता येतो. बॅटरी खाचेत बसल्याचा आवाज. मांडीला त्याचा धक्का जाणवला.

हात सुटला. दोन्ही हात छातीशी आले. फोन खाली पडला.

मांडीवरचं बिट फिरलं.

जोरात नाही. कुणीतरी बटण नुसतं दाबून बघावं तसं. अर्धा वळसा... थांबलं. परत अर्धा वळसा... थांबलं.

धाकटीने मशीन मांडीवरून ढकलून दिलं. मागे बघायची हिंमत नव्हती, आणि उठायचं तर मागेच वळावं लागणार होतं. ती भिंतीकडे तोंड करून तशीच बसून राहिली. दोन्ही हात पुढे, तळवे उघडे. बघा, माझ्याकडे काही नाही.

मग तिच्या लक्षात आलं, आपण काय केलंय.

मोकळा तळहात म्हणजे, आता द्या.

तिने हात मिटायच्या आत उजव्या तळव्यावर काहीतरी ठेवलं गेलं.

दिसलं काहीच नाही. तळवा डोळ्यांसमोर होता आणि रिकामा होता. पण वजन होतं, हलकंसं. थंड. लांबट. एकाशेजारी एक.

बोटं.

ती म्हणते, आधी मला वाटलं कुणीतरी हातात हात दिला. म्हणून मी पुढचा हात चाचपला, पंजा, मनगट... पुढे काही नव्हतंच.

नुसती दोन बोटं.

जावईबापू जिना चढून धापा टाकत आले तेव्हा ती तशीच बसली होती. उजवी मूठ घट्ट मिटलेली. त्यांनी ती सोडवायचा प्रयत्न केला, दुखऱ्या मनगटाने. सुटेना. मग आपोआप सुटली. आत ग्रीस होतं, आणि काही नाही.

मशीन फरशीवर पडलं होतं. बॅटरी बसवलेली.

खाली आले तर वॉचमन हात पुसत कुलूप उघडत होता. जावईबापूंनी त्याला विचारलं, हे काम आधी करणारा माणूस कसा गेला?

"गेला? कुठे गेला?" वॉचमन म्हणाला. "चांगला धडधाकट आहे. परवाच भेटला बाजारात. आता पडदे शिवतो."

"मग काम अर्धं का सोडलं?"

"अहो, एकटाच यायचा. हातमोजा घालून बिट बदलत होता, बॅटरी तशीच लावलेली. मशीन चालू झालं. मोजा गुंडाळला, दोन बोटं गेली." त्याने आपली बोटं पुढे करून दाखवली, कुठली ते. "दवाखान्यात म्हणाले, बोटं घेऊन या, जोडता येतील. आम्ही सगळा बोळ पालथा घातला. राडारोडा चाळला. नाही सापडली."

धाकटी जाऊन गाडीत बसली.

आता तुम्ही म्हणाल, मेलेल्या माणसाचं भूत असतं, हे मान्य. पण माणूस जिवंत, पडदे शिवतोय, आणि त्याची बोटं...? मलाही हे पटत नाही. पण धाकटीच्या तळव्यावर काय होतं, ते मला कुणीतरी सांगा.

ते काम त्यांनी सोडलं. दुसरी कामं चालू आहेत. धाकटी आता बॅटरी कुणाच्याही हातात देत नाही. स्वतःच्या खिशात ठेवते आणि खिशाची चेन ओढते. जावईबापू आता तिच्या मागे नाही, समोर उभे राहतात. मफ असले तरी दिसतात.

पण त्या घरात एक भांडण सुरू झालंय, ते मिटत नाही.

जावईबापू म्हणतात, त्याला तुझी बोटं हवी होती. तुझा हात बिटवर आहे हे बघून बॅटरी लावली. थोडक्यात वाचलीस.

धाकटी म्हणते, उलट. ती बोटं मला सावध करत होती. खांद्यावर मारत होती ना, काढ, काढ म्हणून? बॅटरी लावली ती माझा हात निघाल्यावर. हवंच असतं तर दोनदा हातात होती की बॅटरी, तेव्हाच लावली असती.

"म्हणजे खट् झालं तेव्हा हात निघालेला होता?"

"हो."

"नक्की?"

यावर सगळं अडलंय. आधी आवाज झाला, की आधी हात सुटला? एवढाच प्रश्न आहे. मला ही हकिकत तिने पहिल्यांदा सांगितली तेव्हा आवाज आधी होता. मी वर लिहिली आहे ती तशी. नंतर जेव्हा जेव्हा सांगते, तेव्हा हात आधी सुटतो.

मागच्या आठवड्यात ती माझ्याकडे आली होती. चहा पिता पिता मी पुन्हा विचारलं. म्हटलं, एकदाच खरं सांग, मी कुणाला सांगणार नाही.

तिने कप बशीत ठेवला.

"हात आधी निघाला," ती म्हणाली. "माझ्यावर विश्वास नाही का तुझा, ताई?"

मी म्हटलं, आहे गं.

तिचे कान लालबुंद झाले होते.